चोविसावा हिस्सा

कोटोरच्या तटाला पाठ लावून आमचं ऑफिस.
खाली दातांचा दवाखाना, वर आम्ही;
पायरीवर घुटमळणारा माणूस नेमका कोणाकडे आलाय
हे आधी विचारून घ्यावं लागतं.

ऑलिवेराबाई वकील. मी त्यांची कारकून
आणि शपथेवर भाषांतर करणारी.
शपथ एवढीच, की जे लिहिलंय तेच लिहीन,
उसासे वगळून.

फेब्रुवारीत वीबे टेर्प्स्ट्रा आला, हॉलंडहून, बायको हिल्त्येसोबत.
आयुष्यभर समुद्र बाहेर ठेवायची नोकरी केलेला,
बांध राखणारा माणूस,
आणि आता त्याला असं घर हवं होतं
ज्याच्या पायरीला समुद्र लागतो.
अर्जात रकाना होता : वास्तव्याचं कारण.
पेन धरून बराच वेळ बसून राहिला.
"निवृत्ती" लिहा, मी म्हटलं.
त्यानं लिहिलं.

मग यादी.
जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, गुन्हा नसल्याचा,
पैसा कुठून आला त्याचा.
दाखल्यावर शिक्का, शिक्क्यावर अपॉस्टिल,
अपॉस्टिलचं भाषांतर, भाषांतरावर माझा शिक्का.
हिल्त्ये हसली, "म्हणजे मी जन्मले होते हे आता नक्की?"
सहा महिन्यांपुरतं, मी म्हटलं.
मग दाखला शिळा होतो.

घर ओराहोवात्सला. दगडी, छप्पर अर्धंच.
उतारा काढला तर मालक चोवीस.
नऊ वारलेले, त्यांची पोरंबाळं आणखी विखुरलेली.
बाकीचे मेलबर्नला, ट्रिएस्टला,
एक तर आमच्याच खालच्या दवाखान्यात सापडला,
तोंडात कापूस, मानेनंच हो म्हणाला.
राहिला कर्स्तो वूलोविच, वय नव्वद,
अर्जेंटिना, चाको प्रांत, पुढे पत्ता नाही.

गाव सोडून गेलेल्यांच्या सह्या गोळा केल्याशिवाय
गावात येणाऱ्याला दार उघडता येत नाही.
आमच्या माहितीपत्रकात हे वाक्य नाही.

दीड वर्ष घोंगडं भिजत पडलं.
हिल्त्ये दर सोमवारी फोन करायची.
वीबे कधीच नाही.

मुखत्यारपत्र आलं एकदाचं.
सही थरथरती, जुन्या वळणाची,
आणि कागदाच्या मागे पेन्सिलीनं :
"घर द्या त्यांना. पण ऑलिव्हचं काय?
विहिरीपलीकडचं, दोन बुंध्यांचं.
कागदात नाहीये ते. अजून आहे का?"

कागदात असणारच नव्हतं.
परदेशी माणसाला घर घेता येतं, शेत नाही,
आणि झाड शेतात.
म्हणून ते विकलं गेलं नाही,
राहिलं चोवीस जणांचं,
ज्यातले तेवीस त्याला विसरले होते.

शनिवारी बस धरली.
विहीर बुजलेली. एक बुंधा कुठल्याशा वणव्यात कोळसा झालेला,
दुसऱ्याला कोणीतरी कपडे वाळत घालायची तार बांधलेली,
आणि तारेच्या वर, राखी पानांत, फळं. बरीच.

घराच्या पायरीवर वीबे बसलेला,
खडूनं पाण्याची खूण करत.
अजून तुमचं झालं नाहीये, मी म्हटलं.
"मला माहितीये. पाण्याला कुठे माहितीये."
झाडाचं सांगितलं तेव्हा खडू खिशात ठेवला,
जाऊन बुंध्यावर हात ठेवून आला.
"पाणी घातलं तर चालेल? कायद्यानं?"
सोमवारी मी सगळी कलमं पाहिली.
पाणी घालण्याबद्दल कुठेच काही नाही.

चाकोला उत्तर लिहिलं : आहे. एक बुंधा.
पाकिटात एक पान टाकलं,
त्याचं भाषांतर जोडलं नाही.

अशिलाला लावायच्या तासांच्या वहीत नोंद केली,
"स्थळपाहणी, चार तास."
ऑलिवेराबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
रक्कम खोडली,
शब्द राहू दिले.